मुलांसाठी खेळाचं मैदान आखताना: आधी जमीन, शेवटी खेळणी

बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या बाजूने सुरू होतं. आधी कॅटलॉग येतो. त्यातली एखादी ऐटबाज घसरगुंडी सगळ्यांच्या मनात भरते, मग ती कुठे मावेल ते बघितलं जातं, आणि पैसे संपत आल्यावर कोणाला तरी आठवतं की खाली काय टाकायचं ते ठरलंच नाही. मग थोडी वाळू पसरून वेळ मारून नेली जाते. मैदानावरच्या दुखापतींत सगळ्यात मोठा वाटा पडण्याचा असतो. म्हणजे ज्याच्यावर सगळं अवलंबून, तेच यादीत शेवटी.

खाली दिलेला क्रम म्हणून जमिनीकडून वर जातो. त्यातले आकडे मुख्यतः दोन ठिकाणचे आहेत: अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची सार्वजनिक मैदानांची पुस्तिका, आणि युरोपातली ईएन ११७६ (खेळणी) व ईएन ११७७ (धक्का शोषणारी जमीन) ही मानकं. दोन्हींत फरक असेल तिथे मी सहसा जास्त सावध आकडा घेतो. तुमच्याकडे लागू असलेलं मानक याहून कडक असेल तर अर्थात तेच पाळा.

## टप्पा १: कोण खेळणार ते कागदावर लिहा

वयाचे तीन गट धरायचे: ६ ते २३ महिने, २ ते ५ वर्षं आणि ५ ते १२ वर्षं. लहान मुलाला चढणं आधी येतं, उतरणं बऱ्याच नंतर. तीन वर्षांचं पोर मोठ्यांच्या शिडीवर सरसर जातं आणि वर पोचल्यावर रडायला लागतं, ते यामुळेच. शिवाय दहा वर्षांची मुलं पकडापकडी खेळताना पायात घुटमळणाऱ्या चिमुरड्याकडे बघत नाहीत. म्हणून लहानांची आणि मोठ्यांची जागा वेगळी हवी. मधे बाकं, झुडपांची रांग किंवा नुसता रिकामा पट्टा ठेवला तरी चालतो.

जागा लहान असेल तर "सगळ्यांसाठी थोडं थोडं" हा मोह टाळा. एकच गट निवडा आणि त्याचं नीट करा. बैठकीत यावर कुरबुर होते. होऊ द्या.

व्हीलचेअरवर येणारं मूल फाटकापासून खेळण्यापर्यंत कसं पोचेल, हेही याच कागदावर लिहा. नंतर आठवलं तर रस्ता तयार असतो, पण तो खोल वाळूच्या कडेला येऊन संपतो.

तपासा: एका वेळी जास्तीत जास्त किती मुलं येतील आणि त्यांच्याबरोबर किती मोठी माणसं बसतील, हे दोन्ही आकडे कागदावर आहेत का?

## टप्पा २: जागा चार वेळा बघा

एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, एकदा अंधार पडल्यावर आणि एकदा जोराचा पाऊस थांबल्या थांबल्या. चौथी फेरी सगळे टाळतात, आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त सांगून जाते. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, किती वेळाने जिरतं, हे नकाशावर निळ्या पेन्सिलीने काढून ठेवा. पुढे खड्डा खणून त्यात मऊ भराव घालायचा आहे. तो खड्डा पाणी साचणाऱ्या जागी आला तर त्याचं डबकं होणार.

दुपारच्या फेरीत सावली बघायची. धातूची घसरगुंडी उन्हात तापते हे सगळ्यांना माहीत असतं, पण गडद रंगाचं प्लास्टिक आणि रबरी टाइलही तशाच तापतात. हवा फार गरम नसली तरी थेट उन्हात तापलेल्या पृष्ठभागाने तान्ह्या आणि लहान मुलांची त्वचा भाजते. चटका बसल्यावर चटकन उठून बाजूला होणं त्यांना जमत नाही. त्यामुळे सावली कुठून कुठे सरकते ते टिपा आणि घसरगुंडीची जागा त्यावरून ठरवा.

बाकीच्या गोष्टी झटपट बघून होतात:

- डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तर ती पट्टी नकाशातून वगळा.
- वाळलेल्या फांद्या आधी उतरवून घ्या.
- रस्ता, पार्किंग, उघडं पाणी किंवा उघडं गटार जवळ असेल तर कुंपण हवंच. कुंपणाच्या सळ्या उभ्या असाव्यात; आडव्या सळ्या म्हणजे शिडी. फाटक रहदारीच्या बाजूला उघडू नये आणि ते आपोआप बंद व्हावं.
- जागेवर पूर्वी कारखाना, गॅरेज किंवा कचऱ्याची भर असेल तर माती प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं डोळ्यांना दिसत नाही.
- कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, एरंड या विषारी झाडांना इथे थारा नको. काटेरी झुडपांनाही नको.

सावधान: बाकं शेवटी "उरलेल्या जागेत" ठेवू नका. ज्या बाकावर पालक बसणार, त्यावर स्वतः बसा आणि तिथून फाटक व सगळी खेळणी दिसतात का ते बघा. एखादी भिंत किंवा झुडूप आड येत असेल तर ते आत्ताच नकाशात हलवा.

## टप्पा ३: पडण्याची जागा आखा

इथे घाई केली की पुढचं सगळं चुकतं. जेवढ्या फुटात खेळणं उभं राहतं तेवढीच त्याची जागा, असं लोक धरून चालतात. खरी जागा म्हणजे मूल त्यावरून जिथे जिथे पडू, उडी मारू किंवा फेकलं जाऊ शकतं तो सगळा पट्टा.

मूळ नियम सोपा आहे. स्थिर खेळण्याच्या चारही बाजूंना निदान १.८३ मीटर मोकळं सोडायचं, आणि एवढ्या सगळ्या भागात खाली मऊ जमीन हवी. त्यात बाक, कुंपण, झाडाचं खोड, दिव्याचा खांब, कडेचा काँक्रीटचा कठडा यांतलं काहीही येता कामा नये.

झोक्याला हा नियम पुरत नाही. झोका जिथे टांगलाय ती दांडी जमिनीपासून जेवढी उंच, त्याच्या दुप्पट अंतर पुढे आणि तेवढंच मागे मोकळं लागतं. दांडी २.४ मीटरवर असेल तर पुढे ४.८ आणि मागे ४.८, म्हणजे लांबी झाली ९.६ मीटर. दोन झोक्यांची चौकट साधारण ३ मीटर रुंद धरली, तर दोन्ही बाजूंचे १.८३ मिळवून रुंदी ६.६६ मीटर होते. सगळं मिळून जवळजवळ ६४ चौरस मीटर, फक्त दोन झोक्यांसाठी. पहिल्यांदा हा हिशेब मांडला की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण वेगात असलेल्या झोक्यावरून मुलं मुद्दाम उडी मारतात, हे त्यांनीही लहानपणी केलेलं असतंच.

घसरगुंडीच्या तोंडापुढेही अंतर जास्त सोडायचं: तिच्या वरच्या मंचाच्या उंचीइतकं, पण १.८३ मीटरपेक्षा कमी नाही. उंची कितीही असली तरी २.४४ मीटर पुरतात.

दोन खेळण्यांचे पट्टे एकमेकांवर येऊ द्यायचे का? दोन्ही खेळणी ७६ सेंमीपेक्षा उंच नसतील तर त्यांच्यात १.८३ मीटर पुरे. एकही त्याहून उंच असेल तर २.७४ मीटर ठेवा. झोक्याचा पुढचा-मागचा पट्टा आणि घसरगुंडीच्या तोंडापुढचा पट्टा मात्र कशाबरोबरही वाटून घ्यायचा नाही.

आता कात्री घ्या. १:५० प्रमाणात काम करा, म्हणजे कागदावरचे २ सेंमी हे जागेवरचा १ मीटर. प्रत्येक खेळणं त्याच्या पूर्ण पट्ट्यासकट रंगीत कागदात कापा आणि नकाशावर सरकवत बसा. वरची झोक्याची चौकट १९ गुणिले १३ सेंमीहून थोडी मोठी होते. ए-४ कागदाच्या पाच भागांतले दोन भाग एकट्या तिनेच व्यापले. कॉम्प्युटरवर हे दहा मिनिटांत होतं, पण समितीतल्या लोकांच्या हातात कागदाचे तुकडे दिले की "अजून एक घसरगुंडी बसेल" हा वाद तिथल्या तिथे मिटतो. तुकडा बसतच नाही.

झोके कोपऱ्यात किंवा कडेला ठेवा, येण्याजाण्याच्या वाटेवर कधीच नाही. फाटकातून घसरगुंडीकडे धावत सुटलेलं मूल सरळ रेषेत धावतं, आणि त्या रेषेत झोका असेल तर त्याची धडक ठरलेली. झोके मोठ्या एकत्रित खेळण्याला जोडून घेऊ नयेत, तेही याच कारणासाठी. कॅटलॉगमध्ये असं जोडलेलं खेळणं स्वस्त आणि देखणं दिसतं.

तपासा: नकाशावर फाटकापासून प्रत्येक खेळण्यापर्यंत पेन्सिलीने सरळ रेघ ओढा. एकही रेघ झोक्याच्या किंवा घसरगुंडीच्या पट्ट्यातून जात असेल तर मांडणी बदला.

## टप्पा ४: खाली काय असेल ते ठरवा

काँक्रीट, डांबर, फरशी आणि धुम्मस केलेली माती या चारही गोष्टी खेळण्याखाली बाद. हिरवळीवर लोकांचा फार भरवसा असतो, पण झोक्याखालची हिरवळ पाय घासून काही आठवड्यांतच नाहीशी होते आणि खाली उरते ती टणक माती. अमेरिकी पुस्तिका गवताला संरक्षक जमीन मानतच नाही.

आधी प्रत्येक खेळण्याची पडण्याची उंची काढा. झोक्यासाठी ती टांगलेल्या दांडीची उंची, बसायच्या पट्टीची नव्हे. चढायच्या जाळीसाठी ती सगळ्यात वरच्या दांडीची. मग त्या उंचीला पुरेल असा भराव निवडा. दबल्यानंतरची जाडी अशी लागते:

- वाळू, २३ सेंमी: १.२ मीटर उंचीपर्यंत
- गोटी खडी, २३ सेंमी: १.५ मीटरपर्यंत
- लाकडाचा भुगा-साल मिश्रण, २३ सेंमी: २.१ मीटरपर्यंत
- लाकडाच्या चिपा, २३ सेंमी: ३ मीटरपर्यंत
- रबराचे तुकडे, १५ सेंमी: ३ मीटरपर्यंत

यात "दबल्यानंतर" हा शब्द महत्त्वाचा. २३ सेंमी हवे असतील तर सुरुवातीला ३० सेंमी भरावं लागतं. आपल्या ६४ चौरस मीटरच्या पट्ट्यात ३० सेंमी म्हणजे १९ घनमीटरच्या वर भराव झाला. कोटेशनमध्ये हा आकडा नसेल आणि नुसतं "वाळू पसरणे" असं लिहिलं असेल, तर ते कोटेशन परत पाठवा. वरच्या यादीप्रमाणे २.४ मीटर दांडीच्या झोक्याखाली वाळू चालतच नाही, हेही एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. युरोपीय मानक वाळूला याहून जास्त उंचीची मुभा देतं, पण ती ०.२ ते २ मिमी कणांच्या, मातीचा अंश नसलेल्या वाळूला. बांधकामाची वाळू त्यात बसत नाही. तिच्यातली बारीक माती पावसात घट्ट बसते आणि वाळल्यावर तिची लादी होते.

गोटी खडी अगदी लहानांच्या भागात नको. खडे नाकात आणि तोंडात जातात.

रबरी टाइल किंवा ओतीव रबर घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा: या जाडीला किती उंचीपर्यंतचा दाखला आहे? "चांगलं जाड आहे, साहेब" हे उत्तर नाही. दाखला नेमक्या त्याच जाडीचा हवा. चाचणीत डोक्याच्या आकाराचा गोळा ठरलेल्या उंचीवरून सोडतात. डोक्याच्या इजेचा निर्देशांक १००० च्या वर आणि धक्का २०० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट) वर जाऊ नये, ही मर्यादा अमेरिकी आणि युरोपीय अशा दोन्ही मानकांत आहे. अशी चाचणी जागेवरही करता येते. करारात ती बसवल्यानंतर करायची अट घाला, म्हणजे शेवटचा हप्ता तिच्यानंतर देता येईल.

आता खड्डा. तळाला पाणी निघून जायला उतार आणि निचऱ्याची नळी, त्यावर जाड खडीचा थर, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) आणि मग भराव. कापड गाळलं तर दोन पावसाळ्यांत खडी आणि माती एकमेकांत मिसळतात, निचरा बंद पडतो आणि भराव कुजायला लागतो.

एका मैदानावर मी वर्षभराने गेलो होतो. लांबून सगळं झकास दिसत होतं, चिपांचा रंगही ताजा होता. झोक्याखाली स्टीलची पट्टी रोवली तर ४ सेंमीवर टक्कन आवाज आला. पाय घासून घासून तिथे बशीसारखा खोलगट खड्डा झाला होता, आणि त्यातल्या चिपा दोन मीटरवर कडेला उंचवटा करून पडल्या होत्या. एकूण भराव कमी झालेला नव्हता. फक्त जिथे हवा तिथे नव्हता.

यावर दोन उपाय आहेत. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी भरावात झिजरोधक रबरी मॅट बसवा. आणि प्रत्येक खांबावर, भरावाची पातळी जिथे असायला हवी तिथे, न पुसणाऱ्या रंगाची पट्टी मारा. पट्टीखालचा खांब उघडा दिसला की भर घालायची. त्यासाठी कोणी तज्ज्ञ लागत नाही.

## टप्पा ५: आता कॅटलॉग उघडा

खेळणं पसंत करण्याआधी प्लायवूडचे दोन तुकडे कापून घ्या: एक ८९ गुणिले १५७ मिमीचा आयत, दुसरा २३० मिमी व्यासाची चकती. आयत म्हणजे लहान मुलाचं धड, चकती म्हणजे मोठ्यात मोठं डोकं. कठड्याच्या सळ्या, शिडीच्या पायऱ्या, मंचाच्या फटी अशा प्रत्येक बंदिस्त पोकळीत ते घालून बघायचे. आयत आत जातो पण चकती जात नाही, अशी पोकळी धोक्याची. मूल पाय आधी घालतं, धड मागोमाग सरकतं आणि डोकं वर अडकतं. खाली पाय टेकायला जागा नसते. पोकळी ८९ मिमीपेक्षा लहान हवी, नाहीतर २३० मिमीपेक्षा मोठी. वर उघडलेले, खाली निमुळते होत गेलेले व्ही आकाराचे कोपरेही टाळा, त्यांत मान अडकते. बोटांसाठी ८ ते २५ मिमीची भोकं वाईट.

विक्रेत्याच्या गोदामात हे तुकडे खिशातून काढले की बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

झोके. एका चौकटीत दोनच, तिसरा नाही. मधल्या झोक्यावर पोचायला मुलं कडेच्या झोक्यासमोरून जातात. जमिनीपासून १५० सेंमी उंचीवर मोजलं तर दोन झोक्यांत ६१ सेंमी आणि झोका व खांब यांच्यात ७६ सेंमी अंतर हवं. ४५ सेंमीच्या दोन पट्ट्या धरून बेरीज करा, ३०३ सेंमी येते. मघाचे ३ मीटर तिथून आले. बसायची पट्टी रबराची किंवा मऊ प्लास्टिकची असावी. लाकडी आणि लोखंडी पाट घेऊ नका, प्राण्यांच्या आकाराचे जड झोकेही नकोत. पट्टी रिकामी असताना जमिनीपासून निदान ३५ सेंमी वर राहावी. तान्ह्यांचे बादलीसारखे झोके वेगळ्या चौकटीत टांगा.

घसरगुंडी. सरासरी उतार ३० अंशांपेक्षा जास्त नको. दोन्ही कडा निदान १० सेंमी उंच हव्यात. खाली थोडा सपाट भाग असावा आणि तोंड जमिनीच्या फार वर नसावं: १.२ मीटरपर्यंतच्या घसरगुंडीला जास्तीत जास्त २८ सेंमी, त्याहून उंच असेल तर १८ ते ३८ सेंमी. वरच्या टोकाला बोल्ट, खाच किंवा कडेची फट अशा ठिकाणी कपड्याची दोरी अडकून गळफास बसतो. मैदानावरच्या मृत्यूंमागे दोऱ्या आणि कपडे अडकणं हे फार मोठं कारण आहे, म्हणून या तीस सेंटिमीटरांत हात फिरवून बघा.

मंच आणि कठडे. लहानांच्या (२ ते ५) मंचाला ५१ सेंमीच्या वर आधाराची दांडी आणि ७६ सेंमीच्या वर पूर्ण कठडा लागतो. मोठ्यांसाठी हेच आकडे ७६ आणि १२२ सेंमी. कठडा लहानांसाठी निदान ७४ आणि मोठ्यांसाठी ९७ सेंमी उंच हवा. सळ्या इथेही उभ्याच.

मंकी बार. चार वर्षांखालच्यांना हा झेपत नाही. उंची लहानांच्या भागात १५२ सेंमी आणि मोठ्यांच्या भागात २१३ सेंमी यांच्या वर नको.

सीसॉ आणि फिरतं चक्र. सीसॉच्या टोकांखाली अर्धा टायर गाडा. लहानांसाठी स्प्रिंगवाला सीसॉ बरा. चक्राची तबकडी सलग आणि गोल असावी, खाली पाय ओढला जाईल अशी फट नको. दोन्ही घेण्याइतकी जागा नसेल तर मी चक्र वगळतो.

लाकडी खेळण्यांना आर्सेनिकयुक्त संरक्षक किंवा क्रिओसोट (डांबरातून काढलेलं काळं तेल) लावलेलं लाकूड वापरू नका. रेल्वेचे जुने स्लीपर म्हणूनच बाद, कितीही फुकट मिळोत.

## टप्पा ६: बसवण्याचा क्रम मोडू देऊ नका

खोदाई, निचरा, पाया, खेळणी, मग भराव आणि शेवटी चाचणी. ठेकेदार गडबडीत भराव आधी टाकतो आणि मग पाया खणतो; कापड फाटतं, भरावात काँक्रीटचे गोळे राहतात.

पायाच्या काँक्रीटचा वरचा भाग भरावाच्या पातळीपासून निदान ४० सेंमी खाली गाडलेला असावा. भराव उडाला की उघडं पडणारं काँक्रीट हा हमखास दिसणारा दोष आहे. ओलं काँक्रीट मुरेपर्यंत जागेला तात्पुरतं कुंपण घाला, नुसती फीत पुरत नाही. मुलं फितीखालून जातात.

बोल्टचं टोक नटाबाहेर दोन आट्यांपेक्षा जास्त नको, आणि शक्य तिथे टोपी बसवा. झोक्याचे एस आकाराचे हूक पूर्ण दाबून बंद करा. फट १ मिमीच्या आत.

सावधान: काम संपल्यावर भरावावरून चुंबक फिरवा. कापलेल्या तारा, वॉशर, खिळे खोलवर जाऊन बसतात आणि महिन्याभराने वर येतात.

## टप्पा ७: उघडण्याआधीची फेरी

ही फेरी ठेकेदाराने नाही, तुम्ही घ्यायची. जमलं तर शिकलेल्या निरीक्षकाबरोबर. प्लायवूडचे तुकडे, मोजपट्टी, मुलांच्या जॅकेटची गाठ मारलेली दोरी आणि जुना मऊ रुमाल बरोबर न्या. रुमाल प्रत्येक कडेवरून आणि वेल्डिंगवरून ओढायचा. धागा अडकला की ती जागा घासून घ्यायची. दोरी घसरगुंडीच्या वरच्या टोकापासून गाठीकडून खाली सरकवायची; अडकली तर घसरगुंडी बंद.

मग गुडघ्यांवर बसा आणि मैदानाकडे मुलाच्या उंचीवरून बघा. उभ्याने न दिसलेले मंचाखालचे बोल्ट आता डोळ्यांसमोर येतात.

फलकावर वयोगट, तातडीचा फोन नंबर आणि दोन-तीनच सूचना लिहा: सायकलचं हेल्मेट, गळ्यातली ओढणी, स्कार्फ आणि दोऱ्या काढून खेळा; खेळण्यांना दोऱ्या बांधू नका. हेल्मेट हे वाचून लोक चमकतात. पण हेल्मेटमुळे डोकं मोठं होतं, आणि जी फट मोकळ्या डोक्याला सुटसुटीत असते तिच्यात ते अडकतं. आणखी एक सूचना टाकाच: घसरगुंडीवर मुलाला मांडीवर घेऊन बसू नका. प्रेमापोटी केलं जातं, पण मुलाच्या बुटाचा तळ कडेला रुततो, मोठ्या माणसाचं वजन खाली ओढत राहतं आणि नडगीचं हाड मोडतं. एकट्या मुलाचा पाय अडकला असता तर ते फक्त थांबलं असतं.

## टप्पा ८: वही

एक वही, एक जबाबदार माणूस आणि त्याच्या गैरहजेरीत बघणारा दुसरा. नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. "समिती बघेल" म्हणजे कोणीच बघणार नाही.

वापर जास्त असेल तर रोज, नाहीतर आठवड्यातून एकदा, नजरेची फेरी: काचा, कचरा, तुटलेलं काही, खांबावरच्या पट्टीशी भरावाची पातळी. झोक्याखालचा भराव दंताळ्याने परत ओढून घ्यायला पाच मिनिटं लागतात. वाळूचा हौद असेल तर रात्री झाका, मांजरं तो आपला समजतात.

दर १ ते ३ महिन्यांनी पाना घेऊन: नटबोल्ट, साखळ्या, हूक, बेअरिंग, लाकडाची कूज. साखळीची कडी जिथे कडीवर घासते तिथे ती बारीक होत जाते, आणि हे साखळी ताणलेली असताना दिसत नाही. झोका उचलून साखळी सैल करा, मग बघा. लोखंडी खांब जमिनीत शिरतो तिथला भराव हाताने बाजूला करून गंज तपासा. खांब वरून चकचकीत आणि खालून पोखरलेला असू शकतो.

वर्षातून एकदा बाहेरचा, खेळणी न विकणारा निरीक्षक बोलवा आणि त्याला पाया, रचना व जमीन तिन्ही तपासायला सांगा.

वहीत दोष लिहिल्याची तारीख आणि दुरुस्तीची तारीख, असे दोन रकाने हवेत. दुसरा रकाना रिकामा असेपर्यंत ते खेळणं बंद, आणि बंद म्हणजे झोका काढून घेतलेला किंवा शिडी फळ्यांनी झाकलेली. "वापरू नये" ही चिठ्ठी सहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, आणि आठ वर्षांचा ती वाचून आधी तिथेच जातो.